चार गुंठ्यांतला उन्हाळा

॥ श्री ॥

लाइपझिग, जर्मनी,
रविवार, 6 जुलै 2025
आषाढी एकादशी

तीर्थरूप आई, बाबा आणि आजी यांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात पालखी लोणंदला असताना आईने फोनवरून टाळ-मृदंगाचा आवाज ऐकवला होता, त्याची आज सकाळपासून सारखी आठवण येते आहे. उपास धरला आहे. साबुदाणा घरात होता. पण आज मी खिचडी केली नाही. स्वतःच्या हाताने मातीतून काढलेले कोवळे बटाटे उकडले आणि जिरे व शेंगदाण्याचे कूट घालून त्यांची भाजी केली. ते बटाटे कुठले, हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहायला बसले आहे.

बाबांनी मागच्या रविवारी विचारले होते, की तीन आठवड्यांची रजा मिळूनही तू कुठे फिरायला का गेली नाहीस, पैशांची ओढाताण आहे, की सोबत कोणी नाही म्हणून घरात बसून आहेस? तेव्हा मी विषय बदलला, तो लपवण्यासारखे काही होते म्हणून नव्हे. आपल्या गल्लीतल्या मुलाचे स्वित्झर्लंडचे फोटो तुम्ही नुकतेच पाहिले होते आणि त्यापुढे माझे उत्तर फार लहान वाटेल, असे मला वाटले. खरे उत्तर असे, की मी रोज बाहेर असते, पण घरापासून सायकलने अर्ध्या तासापेक्षा लांब जात नाही, आणि त्यात मला मनापासून आनंद आहे.

उष्णतेच्या लाटेची बातमी वाचून आई घाबरली होती. पारा 35 अंशांच्या वर गेला होता हे खरे आहे आणि इथल्या घरांत छताला पंखे नसतात हेही खरे. परंतु खोलीच्या खिडक्यांना बाहेरून पडदे आहेत, ते सकाळीच खाली ओढून घ्यायचे आणि रात्री खिडक्या सताड उघडायच्या, म्हणजे घर गार राहते. ती लाट दोन-तीन दिवसांत ओसरली. जेवण वेळेवर होते, झोप पुरेशी होते. कामाचे तर तुम्हाला फोनवर सगळे कळतेच.

आता बटाट्यांचे. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक सत्तरी ओलांडलेल्या बाई राहतात, त्यांना मी मनात आजीच म्हणते. त्यांचा शहराच्या कडेला बागेचा एक तुकडा आहे. इकडे हा प्रकार सर्वत्र आहे आणि मला तो समजायला दोन वर्षे लागली, म्हणून सविस्तर लिहिते. ही माणसे फ्लॅटमध्ये राहतात आणि बाग मात्र घरापासून दूर, शेकडो बागांच्या वसाहतीत घेतात. ती विकत मिळत नाही, संस्थेकडून भाड्याने मिळते आणि तिच्यासाठी मोठी प्रतीक्षा यादी असते. शिवाय तिच्यासाठी 1983 सालचा केंद्रीय कायदा आहे! बाग 400 चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी, म्हणजे बाबांच्या हिशेबाने जेमतेम चार गुंठे. आतली लाकडी खोली ओसरीसकट 24 चौरस मीटरच्या आत असावी आणि तिच्यात कायमचे राहता येत नाही. निदान एक तृतीयांश जागेत फळे आणि भाजीपाला हवाच. नुसती हिरवळ राखून खुर्च्या टाकणाऱ्याला संस्थेची समज मिळते. आमच्या वसाहतीत दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही. रविवारी गवत कापण्याचे यंत्र लावायचे नाही, आणि ते तर सगळ्या राहत्या वस्त्यांनाच लागू आहे. सुरुवातीला मला वाटे, की ज्या गोष्टीत इतके नियम आहेत तिच्यात विसावा कसला? परंतु दुपारी दोन वाजता शेकडो कुटुंबे बागांत असूनही फक्त मधमाश्यांचा आवाज येतो, तेव्हा वाईच्या घरातली मे महिन्यातली दुपार आठवते. तुम्ही सगळे वामकुक्षी घेत असायचा आणि आम्ही बहिणी पाय न वाजवता माजघरातून जायचो.

या बागांना श्रेबर हे नाव मिळाले ते याच गावात. श्रेबर हे इथले डॉक्टर. मुलांनी मोकळ्या हवेत खेळावे, व्यायाम करावा, असे ते सांगत. ते 1861 साली वारले. पुढे 1864 साली हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी पालकांना एकत्र करून मुलांच्या मैदानासाठी संस्था काढली आणि तिला डॉक्टरांचे नाव दिले. नंतर गेझेल नावाच्या निवृत्त शिक्षकांनी मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुले लवकरच कंटाळली, तण माजले, तेव्हा आईवडिलांनीच ते वाफे हाती घेतले आणि त्यांतून या बागा वाढल्या. म्हणजे ज्या डॉक्टरांच्या नावाने देशभर बागा आहेत, त्यांनी स्वतः एकही वाफा केला नव्हता. शाळेत आयुष्य घालवलेल्या बाबांना हे दोन शिक्षक आवडतील, म्हणून मुद्दाम लिहिले.

त्या बाईंचे गुडघे दुखतात, म्हणून वाकण्याची कामे मी करते. एप्रिलमध्ये चांगले ऊन पाहून मी टोमॅटोची रोपे बाहेर लावायला निघाले, तर त्यांनी मला हाताला धरून थांबवले. 11 ते 15 मे या दिवसांना इथे ‘बर्फाचे संत’ म्हणतात, त्यांतला शेवटचा दिवस ‘थंड सोफी’चा, तो उलटल्याशिवाय नाजूक रोप उघड्यावर लावायचे नाही, कारण तोवर एखाद्या रात्री दहिवर गोठून रोपे मरतात. आपल्याकडे मृगाची वाट पाहतात, तशी ही माणसे त्या सोफीची वाट पाहतात. मला त्या क्षणी आजीचाच आवाज ऐकू आला. आता टोमॅटो कमरेइतके झाले आहेत आणि 24 जूनच्या संत योहानाच्या दिवसाच्या सुमारास पिकणारी, म्हणून त्याच्याच नावाची, करवंदापेक्षा लहान अशी लाल आंबट फळे घोसाघोसांनी लगडली आहेत. ती उपासाला चालतात का, हे आईला विचारायचे राहिले. मी फळ म्हणून खाल्ली. परवा आम्ही दोघींनी त्यांचा मुरंबा केला. पाक तपासायला त्यांनी थंड बशीवर थेंब टाकला, मी दोन बोटांत तार धरून पाहिली आणि दोघींचे मत एकाच वेळी पडले.

संध्याकाळी सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. त्या लांबलेल्या उजेडात मी सायकलने कोस्पुडेनर तलावावर पोहायला जाते. तिथे पूर्वी दगडी कोळशासारख्याच, पण तपकिरी कोळशाची उघडी खाण होती; ती बंद झाल्यावर पाणी भरून 2000 साली तलाव लोकांसाठी खुला केला. आई, पाण्याची काळजी करू नकोस. ज्या मुलीला बाबांनी कृष्णेच्या डोहात पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून सोडले होते, ती काठापासून फार दूर जात नाही. शिवाय तिथे मदतीची माणसे असतात. पोहून झाल्यावर गवतावर बसून मी चित्रवहीत समोरची झाडे काढते. शाळेत सुटलेली ही सवय अकरा वर्षांनी परत लागली आहे. यासाठी पेन्सिल सोडून काही खर्च नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. या तीन आठवड्यांत मी तिकडे येऊ शकले असते. तिकीट 90 हजारांच्या पुढे गेले होते हे खरे; तरी जमवायचे म्हटले असते तर जमले असते. ज्या गुडघ्यांसाठी मी वाफ्यात वाकते ते दुसऱ्या कोणाच्या आजीचे आहेत, हे मला रोज जाणवते. आजीच्या मोतीबिंदूची तारीख ठरते आहे आणि मी इथे फळे वेचते आहे. तेव्हा तिकिटाची रक्कम मी बाजूला ठेवली आहे. त्यातले 60 हजार आजीच्या डोळ्यांसाठी आणि उरलेले धाकटीच्या साखरपुड्यासाठी. बाबांनी त्यासाठी ठेव मोडू नये, ही विनंती नव्हे, हट्ट समजा.

साखरपुड्याचे मोकळेपणाने लिहिते. मोठीचे आधी व्हायला हवे म्हणून तुम्ही धाकटीच्या सासरच्यांना थांबवले आहे, हे तिने मला रडत सांगितले. कृपा करून माझ्यासाठी तिला थांबवू नका. लोक चार दिवस बोलतील. तिचे लग्न मात्र माझ्यामुळे मोडता कामा नये. चातुर्मास आजपासून लागला, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरा. मी डिसेंबरची रजा आजच मागून ठेवली आहे. कोल्हापूरच्या स्थळाला मी नकार दिलेला नाही. त्यांच्याशी दोनदा फोनवर बोलले, स्वभाव चांगला वाटला. पण नोकरी सोडून लगेच परत येईन, असे वचन फोनवरून मला देता येत नाही. डिसेंबरमध्ये समोर बसून बोलेन आणि मग जे ठरेल ते तुम्हाला स्वतः सांगेन. तोवर त्यांना होय किंवा नाही काहीच कळवू नका.

आजीच्या पायांना नमस्कार. धाकटीला अनेक आशीर्वाद.

तुमची,
मोठी

ता. क. – पैसे उद्या सोमवारी पाठवते, जमा व्हायला दोन-तीन दिवस लागतील. आजीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेताना बाबांनी एकट्याने नेऊ नये, धाकटीला सोबत घ्यावे. मुरंब्याची एक बाटली डिसेंबरसाठी बाजूला ठेवली आहे.