पस्तीस मिनिटांचा तास

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

बी.एफ.ए. या कलेच्या पदवीनंतर डिप. ए. एड. हा कलाशिक्षणाचा डिप्लोमा करायचं ठरवलंस, ते बरं केलंस. चित्र तुला येतंच. आता शिकायचंय ते वर्ग चालवणं. आणि सराव पाठ कोलमडतो तो सहसा पाण्यावरून.

तास पस्तीस मिनिटांचा, मुलं साठ. वाटपाला पाच मिनिटं, प्रात्यक्षिकाला पाच, आवराआवरीला आठ. उरतात सतरा. एवढ्यात पाव इम्पीरियल कागद (१५ बाय ११ इंच) जेमतेम भरतो, त्याहून मोठा देऊ नकोस. चौघांत पाण्याची एक वाटी आणि एक चिंधी. ही चिंधीच सगळे विसरतात. कुंचला न पुसता रंगात बुडवला की पोस्टर कलर पातळ होतो, मग मूल तो घासघासून लावतं आणि कागदाचे पापुद्रे निघतात. रंग चारच: लाल, पिवळा, निळा, पांढरा. काळा सुरुवातीला नकोच. सावलीच्या नावाखाली सगळं चित्र मळतं. ओले कागद दोरीवर लावायचे म्हटले तर साठ आडव्या कागदांना पाऊणशे फूट दोरी लागेल, शिवाय रंग ओघळतो. त्यापेक्षा व्हरांड्यात रद्दी अंथर.

पाठाच्या टाचणात 'रंगांचा आनंद घेतील' असं उद्दिष्ट लिहू नकोस. ते तपासणार कसं? 'निळ्या-पिवळ्यातून हिरव्याच्या तीन छटा तयार करतील' असं लिही.

मुलांची चित्रं वयानुसार कशी बदलतात, त्याचे कलाशिक्षणतज्ज्ञ लोवेनफेल्डने मांडलेले टप्पे परीक्षेपुरते पाठ होतील, पण ते वर्गात दिसले पाहिजेत. सात ते नऊ वर्षांचं मूल कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढतं, माणसं-झाडं तिच्यावर उभी करतं. चित्रात भिंत असूनही घरातलं जेवणाचं ताट दिसतं. ही चूक नव्हे. तिथे यथार्थदर्शन (जवळचं मोठं, लांबचं लहान) शिकवायला गेलीस तर मूल तुझी नक्कल करेल आणि स्वतःचं चित्र सोडून देईल. इलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांचं वस्तुचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे पुढचं काम. त्यासाठी तिसरी-चौथीपासून मुलांचा हात वळवणं मला मुळीच पटत नाही.

प्रत्येक पाठानंतर अर्धवट राहिलेले कागद बाजूला काढ आणि मागे कारण लिही: रंग उशिरा पोचला, की विषयच कळला नाही? पुढचं टाचण त्यावरून सुधारतं.

मोठे कॅनव्हास या वर्षी होणार नाहीत. रेखाटनाची वही मात्र सोडू नकोस.

नोकरीची जाहिरात नीट वाच. कुठे ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) मागतात, कुठे ए.एम. (आर्ट मास्टर); पदवी वरची आहे म्हणून चालेलच, असं धरून चालू नकोस. अर्ज भरण्याआधी पात्रतेचा कागद मला पाठव.

तुझे,
बाबा