फुगलेल्या शिरांवर बिब्बा नको, टाचा उचला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्ष-बेदाण्याचा हंगाम आणि उन्हाळा हातात हात घालून येतात आणि सांगली, तासगाव, मिरजेकडे पाय भरून येण्याच्या, शिरा तटतटण्याच्या तक्रारी वाढतात. पॅकहाऊसमध्ये दिवसभर उभ्या असणाऱ्या बायका, कापड दुकानातले सेल्समन, आचारी, शिक्षक, एसटीचे वाहक हे सगळे यात येतात. उष्णतेने शिरा आणखी सैलावतात. मग ज्याला त्याला उपाय सुचतो. त्यातले काही खरोखर उपयोगी आहेत, बरेच निरुपयोगी आहेत आणि दोन-तीन असे आहेत की त्यांनी पायाला जखम होते. पारख करायला एकच प्रश्न पुरतो: या उपायाने पायातले रक्त वर चढायला मदत होते का?

पायाच्या शिरांत जागोजागी झडपा असतात. त्या रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला की पाइपातले पाणी उतरते, तसेच व्हेरिकोज व्हेन्समध्ये, म्हणजे या फुगलेल्या शिरांमध्ये होते. रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. स्थिर उभे असताना घोट्यापाशी शिरेतला दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. चालू लागले की निरोगी पायात तो ३० च्या आसपास किंवा त्याखाली येतो. एकदा गळकी झालेली झडप कुठल्याही लेपाने वा काढ्याने पुन्हा घट्ट होत नाही. घरी आपल्या हातात आहे तो हा दाब कमी करणे.

त्यासाठी बिनखर्चाचा उपाय म्हणजे टाचा उचलणे. भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून चवड्यांवर उभे राहावे, दोन सेकंद थांबावे, सावकाश खाली यावे. असे १५ ते २० वेळा, कामावर असताना दर तासाला. दिवसातून अर्धा तास चालणे वेगळे. दुसरा उपाय पाय उंच ठेवून पडण्याचा: १५ मिनिटे, दिवसातून तीनदा, टाचा छातीच्या पातळीच्या वर. इथे हटकून चूक होते. उशी गुडघ्याखाली घेतली जाते आणि पोटरी खाली लोंबते. उशा पोटरी आणि टाचेखाली हव्यात. रात्रीसाठी पलंगाच्या पायथ्याकडच्या खुरांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवल्या की पुरेसा उतार मिळतो. मात्र आडवे पडल्यावर धाप लागत असेल, किंवा रात्री पाय दुखून तो खाली सोडल्यावर बरे वाटत असेल, तर हे करू नये. तो आजार निराळा असतो.

दाबाचे (कॉम्प्रेशन) मोजे सर्वांत गुणकारी, आणि सर्वांत जास्त चुका त्यांच्यातच. माप सकाळी उठल्याउठल्या, सूज चढायच्या आत घ्यावे: घोट्याच्या वरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत मोठा घेर आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वळीपर्यंतची लांबी. संध्याकाळच्या सुजलेल्या पायाच्या मापाचा मोजा दुसऱ्या दिवशी सैल पडतो आणि पैसे वाया जातात. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचा, दुसऱ्या वर्गाचा (२३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाचा) पुरतो. अंथरुणातच घालावा, रात्री काढावा. मोजा टाचेपर्यंत उलटा करून पाऊल आत सारावे आणि हातात रबरी मोजे घालून वर सरकवावा, म्हणजे चुण्या पडत नाहीत. वरची कड दुमडू नये, दुमडली की तिथे आवळपट्टी बसून खालचे रक्त अडते. रोज कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा. सहा महिन्यांत त्याचा ताण जातो, मग नवा घ्यावा. तंबाखू-विडी ओढणारे आणि मधुमेही यांनी आधी पायाच्या धमन्या तपासून घ्याव्यात. धमनीच अरुंद असेल तर दाबाने पाऊल काळे पडू शकते.

आता जे करू नये ते. फुगलेल्या शिरेवर बिब्ब्याचे तेल लावणे आजही चालते. बिब्बा कातडी भाजतो. या पायाची कातडी आधीच पातळ, काळपट आणि खाजरी झालेली असते, तिथे पडलेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. रुईचा चीक, डाग देणे यांनीही हेच होते. गरम तेलाने रगडून मालिश आणि गरम पाण्याचा शेक शिरा आणखी सैल करतात. त्यापेक्षा आंघोळीनंतर पोटऱ्यांवर गार पाणी सोडावे आणि कोरड्या कातडीला हलक्या हाताने साधे खोबरेल लावावे. सफरचंदाच्या व्हिनेगरच्या पट्ट्यांचा उपयोग होतो असा पुरावा नाही, कातडी मात्र चरचरते.

वनस्पतींपैकी हॉर्स चेस्टनट या परदेशी झाडाच्या बियांच्या अर्काला आधार आहे. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात १७ चाचण्या पाहून, थोड्या काळापुरते दुखणे व सूज कमी होते असे नोंदवले आहे. प्रमाण ५० मिलिग्रॅम एस्सिन (अर्कातला मुख्य घटक) दिवसातून दोनदा. कच्ची बी विषारी असते, घरी कुटून घेऊ नये. गरोदर स्त्रिया आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा अर्कही टाळावा.

घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी अशी गोष्ट म्हणजे शीर फुटली तर काय करायचे. रक्त वेगाने येते आणि घाबरून मांडीला दोरी किंवा रुमाल आवळला जातो. त्याने वर जाणारे रक्त अडते आणि रक्तस्राव वाढतो. माणसाला ताबडतोब आडवे करावे, पाय उंच धरावा, स्वच्छ फडके जखमेवर १० मिनिटे न उचलता दाबून धरावे आणि दवाखाना गाठावा. बसवून ठेवल्याने जीव गेल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

एकाच पायाला अचानक सूज, पोटरीत कळ आणि ऊब असेल तर आत गुठळी असू शकते. मालिश अजिबात नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखू लागले किंवा दम लागला तर क्षणभरही थांबू नये. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडली, जखम झाली किंवा एकदा जरी रक्त आले, तर डॉपलर तपासणी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावी. लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने गळकी शीर बंद करता येते. शिरांचा त्रास होत असेल आणि हे उपचार शक्य असतील, तर निव्वळ मोज्यांवर भागवू नये, असे उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१३ च्या सूचनाही सांगतात.

शेवटी मालकवर्गाला विनंती. उभ्याने काम करणाऱ्यांना अधूनमधून बसण्याची सोय द्यावी, असे कारखाने अधिनियम १९४८ चे कलम ४४ सांगत असे (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). दुकानांतल्या कामगारांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये अशी तरतूद केली. आपल्या पेठांतल्या दुकानदारांनी आणि पॅकहाऊसवाल्यांनी कायद्याची वाट न पाहता दर दोन माणसांमागे एक स्टूल आणि पायाखाली एक पाट ठेवावा. गिऱ्हाईक नसताना बसलेल्याला कामचुकार म्हणू नये.

– एक फिजिओथेरपिस्ट, विश्रामबाग, सांगली