ताईस पत्र : गळाला कोणता रंग लावावा

भुसावळ

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास. तू विचारले होतेस सामन माशासाठी लावायच्या आमिषाच्या रंगाचे आणि मी बोलत राहिलो नदीच्या ओढीचे, त्यामुळे तुझा राग मला समजतो. तू पाठवलेला, आमिषांनी भरलेल्या त्या दुकानाच्या भिंतीचा फोटो मी त्यानंतर पुन्हा पुन्हा पाहिला. हे पत्र फक्त रंगाविषयी लिहायचे, असे ठरवून बसलो आहे.

रंग निवडण्याआधी पाणी पाहावे. आपल्या दुकानात आलेली बाई साडी ट्यूबलाइटखाली कधी पसंत करत नाही, दारापाशी उजेडात नेऊन पाहते, हे तू गल्ल्याशेजारी बसून लहानपणापासून पाहिले आहेस. माशालाही रंग दिसतो तो पाण्यात जेवढा उजेड उतरतो त्यातच. पाणी सर्वांत आधी लाल उजेड शोषून घेते, मग नारिंगी, मग पिवळा. स्वच्छ पाण्यात हिरवा आणि निळा सर्वांत खोलवर जातात. म्हणून समुद्रात खोल सोडलेले साधे लाल आमिष काळपट दिसते आणि तिथे हिरवे-निळे किंवा अंधारात चमकणारे आमिष वापरतात. तिकडे कॅनडातल्या वेडर नदीत तू कमरेपेक्षा कमी पाण्यात गळ टाकशील, तिथे लाल आणि गुलाबी नीट दिसतील. (कमरेपेक्षा कमी, हे मी आमिषापुरते लिहिले आहे, तू स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात शिरू नकोस.)

पाऊस पडून पाणी गढूळ झाले असेल, तर पोपटी-पिवळा किंवा भडक नारिंगी रंग आणि आकाराने मोठे आमिष घे. फ्लुरोसंट रंग घेतलास तर उत्तम, कारण तो निळा आणि अतिनील उजेड शोषून स्वतःच्या रंगाचा उजेड बाहेर टाकतो, म्हणून मंद उजेडातही फिका पडत नाही. पाणी निवळून हिरवट झाले की कोहो जातीचा सामन बुजरा होतो. तेव्हा रुपेरी, निळसर किंवा फिकट गुलाबी आणि लहान आमिष लाव. चम जातीच्या सामनला जांभळा आणि गडद गुलाबी रंग चालतो, असे तिकडचे लोक सांगतात. अगदी पहाटे, उजेड फुटण्याआधी, रंगापेक्षा आकृतीच जास्त दिसते, म्हणून काळा किंवा गडद रंगही वाया जात नाही.

त्या भिंतीवर मला सर्वांत आवडल्या त्या लोकरीच्या लडी. गळाच्या वर वाटाण्याएवढी लोकर बांधतात, ती माशाच्या अंड्यासारखी दिसते आणि माशाच्या दातांत अडकते. पीच आणि गडद गुलाबी असे दोन धागे एकत्र पिळून बांध. एकाच रंगापेक्षा त्यात जीव येतो. खरी अंडी लावलीस, तर ती धुऊन पांढुरकी झाली की लगेच बदल, कारण रंगाबरोबर वासही गेलेला असतो. नदीत शिरल्यावर सामन जवळजवळ खातच नाही. तो तोंड घालतो ते चिडून किंवा सवयीने. वास मात्र त्याला फार दुरून कळतो. माणसाच्या त्वचेतल्या सेरीन या द्रव्याच्या वासाने सामन बिचकतो, हे कॅनडातल्याच संशोधकांनी १९५० च्या दशकात दाखवले होते. आमिष लावण्याआधी हात नदीच्या पाण्यात चोळून घे, आणि तेही काठावर बसून, धारेत वाकून नव्हे.

पाहा, पुन्हा तेच आले. तू तिथे एकटी घर चालवतेस, बर्फात गाडी चालवतेस, आणि मी तुला हात कसे धुवावेत ते शिकवतो आहे. क्षमा कर. पण नानाकाकांचे तुला माहीत आहे, आणि ते तर तापीच्या काठीच वाढले होते.

चांगदेवच्या संगमावर तू माझ्याबरोबर यायचीस ते आठवते का? आजीने ज्वारीच्या पिठात शेंगदाण्याची पेंड मळून दिलेली असायची. एकदा एका नदीचे पाणी गढूळ होते आणि दुसरीचे हिरवट. दोन्हींच्या मधली रेघ दूरवर दिसत होती. मासा कोणत्या पाण्यात थांबतो, असे तू विचारलेस, आणि मी उत्तर देण्याआधी तूच गोळा त्या रेघेवर टाकलास. कटला लागला तेव्हा तुझी बोटे दोरीने कापली होती, तरी तू दोरी सोडली नाहीस. मी ही गोष्ट अजून दुकानात सांगतो. खरे तर मला भीती वाटते ती तुझ्या त्या न सोडण्याचीच. मोठा सामन धारेत पळाला तर दोरी तुटू दे. त्याच्या मागे पाण्यात पाऊल टाकू नकोस.

तिकडे सामनसाठी उलटी अणी नसलेलाच गळ लागतो, तेव्हा अणी चिमट्याने दाबून घे. परवाना खिशात ठेव. छातीपर्यंतची रबरी विजार घालशील तर कमरेचा पट्टा आवळून बांध, म्हणजे पडलीस तरी आत पाणी झपाट्याने भरणार नाही.

आत्याच्या डोळ्याचे ऑपरेशन व्यवस्थित झाले. आई तुझ्याशी स्वतंत्र बोलणार आहे; तिला गार पाण्याचे काही सांगू नकोस.

शुक्रवारी रात्री सरकारी संकेतस्थळावर वेडरच्या पातळीचा आलेख पाहा. तो चढता असेल तर शनिवारी जाऊ नकोस; उतरता असेल तर आधी पोपटी लाव, पाणी निवळत जाईल तसा गुलाबीवर ये, आणि बाहेर आल्यावर, मासा लागो वा न लागो, इकडे कितीही वाजले असले तरी फोन कर.

तुझे,
अण्णा