केदारनाथ यात्रा : निघण्याआधी हे वाचा

सर्व यात्रेकरूंनी नोंदणीची छापील प्रत आणि मूळ आधार कार्ड गळ्यातल्या पाकिटात ठेवावे. सोनप्रयागला तपासणी होते. तिथून गौरीकुंडपर्यंत ५ किमी जीपने, पुढे १६ किमी चढ. २०१३ च्या पुरानंतर रामबाड्यापासून वाट मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या काठाने जाते. लिनचोलीपर्यंतचा हा टप्पाच दमवतो, म्हणून पहाटे लवकर निघा. दुपारनंतर पाऊस येतो. सुती बनियन घामाने भिजली की वाळत नाही, थंडी तिथूनच शिरते. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. मंदिर ३,५८३ मीटरवर आहे. डोके ठणकून उलटी झाली, तर दर्शनासाठी थांबू नका, सोबत्याला घेऊन लगेच खाली उतरा. घोडा आला की डोंगराच्या बाजूलाच उभे राहा, दरीकडे कधीच नाही.