शेत बटाईने दिलं, खुर्ची नाही

तीर्थरूप आई-आप्पांस, साष्टांग नमस्कार.

आप्पा, शेत बटाईने दिलं ते आता फिरवायचं नाही. रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला उठणं आणि सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन फवारणी, या वयात नकोच. पैशाचा प्रश्न नव्हता, तुमच्यावर भरवसा नाही असंही नाही. तब्येतीची काळजी, तेवढ्यासाठी. पण तेव्हापासून तुम्ही खुर्चीतून हलत नाही, असं आई सांगते.

रागावू नका. बसून राहिल्याने काय होतं, ते ऐका. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना प्रयोगासाठी दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं जवळपास किलोभर मांस गेलं. खुर्चीत तेच हळूहळू होतं. आधी मांड्यांतला जोर जातो, मग उठताना हात टेकावे लागतात, मग तोल जातो. चालताना पोटरी आवळते आणि पायातलं रक्त वर ढकलते; बसून ते खालीच साचतं. जेवणानंतरची साखर ओढून घेतात ते हालते स्नायूच, म्हणून वरण-बट्टी तीच असून आता तुमची साखर चढते. दुपारी तीन तास झोप आणि रात्री दोनला जाग, हेही त्यातलंच.

फायबरची खुर्ची फरशीवर सरकते, ती नको. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवा. पावलं जमिनीवर, हात छातीवर. दोन मोजत उठा, चार मोजत बसा. सावकाश बसण्यातही मोठा फायदा आहे आणि तुम्ही धप्पकन बसणार, मला माहीत आहे. श्वास रोखू नका, रक्तदाब चढतो. आठ वेळा, मिनिटभर दम, पुन्हा आठ. मग ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचला. दोन्ही जेवणांनंतर दहा मिनिटं चाला. मे महिन्यात दुपारच्याऐवजी ऊन चढायच्या आत, सकाळी सहालाच. दुपारची झोप अर्धा तास, बस्स.

विहिरीजवळचे पाच गुंठे मुद्दामच ठेवलेत. बामणोदची भरिताची वांगी लावा. मात्र निंदणी उकिडवं बसून नको, लांब दांड्याच्या खुरप्याने उभ्याने करा. खांद्यावर बसवून मला पोळा दाखवणारे आप्पा तुम्हीच, पाच गुंठे काय जड आहेत?

आई, पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात नेऊन देऊ नकोस, उठून घेऊ दे. तुझा जीव तुटेल, तरी. कळण्याच्या भाकरीबरोबर वाटीभर घट्ट वरण रोज वाढ, नुसता ठेचा नको. कूलरचं गवत बदलायला माणूस सोमवारी येईल, गोळ्या महिनाभराच्या पाठवल्यात.

आणि एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर तेल लावून चोळायचं नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना, मला फोन नंतर.

तुमची ताई