आबांचा डोस मोजणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता यावं असं मुद्दाम लिहितेय. आबांच्या तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारात सर्जन, किरणोपचाराचे डॉक्टर, टेबलावर झोपवून, डोकं हलू नये म्हणून मास्क लावणारी मुलं, सिस्टर, सगळ्यांचे आभार आम्ही मानले, पेढेही दिले. तुमची खोली तळघरातल्या बोळाच्या टोकाला, दारावर 'मेडिकल फिजिक्स' एवढीच पाटी. तिथवर पेशंट सहसा येतच नाहीत. आबांनी तो प्रश्न विचारला नसता तर आम्हीही आलो नसतो.

आबांचा उभा जन्म शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेला. ऑइल इंजिनांचे पार्ट काढले, हाताखाली कितीतरी पोरं तयार केली. मायक्रोमीटर लावल्याशिवाय कुठलीच गोष्ट त्यांना खरी वाटत नाही. गालाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, किरणांचा डोस ग्रेमध्ये मोजतात, एकूण ६० ग्रे द्यायचे, रोज २ ग्रे, असे ३० शेक. पहिल्या दिवशी मशीनवरून उतरल्या उतरल्या आबांनी टेक्निशियनला गाठलं. "भाजलं नाही, दुखलं नाही, काय कळलंबी नाही. मग दोन गेलं का तीन गेलं, मोजलं कुणी?" त्या पोरानं ते हसण्यावारी नेलं नाही, सरळ तुम्हाला बोलावून आणलं. त्याचेही आभार.

तुम्ही आलात आणि बाकावर आबांच्या शेजारी बसलात. "काका, तुम्ही विचारलंत ना, तेच माझं काम," म्हणालात. म्हाताऱ्या माणसाला गप्प करायचं म्हणून चार गोड शब्द बोलणारे खूप भेटतात. तुम्ही आकडे सांगितलेत. एक ग्रे म्हणजे शरीराच्या एका किलोला एक ज्यूल ऊर्जा. २ ग्रे पाण्याला दिले तर पाणी अंशाच्या साधारण दोन हजाराव्या हिश्श्याएवढं तापतं, मग भाजल्यासारखं वाटणार कुठून? काम होतं ते पेशीच्या आत, डीएनए तुटण्यात. म्हणून रोजच्या मोजणीला थर्मामीटर चालत नाही. किरणांनी हवेत जो विद्युतभार तयार होतो तो गोळा करून मोजायचा, आणि तोही इतका बारीक की नॅनोकूलोममध्ये, म्हणजे विद्युतभाराच्या मापाच्या, कूलोमच्या, अब्जाव्या हिश्श्यांत.

मग एका शनिवारी पेशंट संपल्यावर तुम्ही आम्हाला थांबवून घेतलंत. मशीनखाली पाण्याची चौकोनी टाकी मांडलेली, एक फुटाएवढी. माणसाचं शरीर बरंचसं पाणीच, म्हणून मोजायचं ते पाण्यात. १० सेंटीमीटर खोलीवर पेन्सिलीएवढी एक नळी, तिच्या टोकाला हवेची इवलीशी पोकळी, ०.६ घन सेंटीमीटरची. आबा वाकून वाकून बघत होते. शेवटी बोट दाखवलं ते भलत्याच वस्तूकडे, टेबलावरच्या बॅरोमीटरकडे. "ह्ये कशाला?"

त्या प्रश्नाचं तुम्ही दिलेलं उत्तर मला आजही शब्दाशब्दानं सांगता येईल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथं हवेचा दाब समुद्रकाठच्या मानानं सहा टक्क्यांच्या आसपास कमी. पोकळीतली हवा तेवढी विरळ, म्हणून विद्युतभार कमी जमतो आणि मीटर कमी दाखवतो. ही दुरुस्ती न करता कुणी तो आकडा खरा धरला, तर मशीन कमी देतंय असं समजून वाढवलं जाईल, आणि त्या मशीनवरच्या प्रत्येक पेशंटला सहा टक्के जास्त बसेल. आबांच्या ६० ग्रेवर साडेतीन ग्रेच्या वर. पेशंटला मिळणारा डोस ठरलेल्या डोसाच्या ५ टक्क्यांच्या आत राहावा असा दंडक आहे. म्हणजे आपलं गाव उंचावर आहे एवढं विसरलं तरी तो मोडला. म्हणून दर वेळी दाब, दर वेळी पाण्याचं तापमान, आणि सगळं २० अंशांच्या हिशेबावर आणायचं.

वीस म्हटल्याबरोबर आबांचा चेहरा उजळला. "आमचं गेजबी वीसवरच तपासत्यात!" लांबीच्या मोजमापाचं प्रमाण तापमानही २० अंशच असतं, हे त्यांना पाठ. त्या क्षणापासून तुम्ही त्यांच्या लेखी डॉक्टर राहिला नाहीत, जातीच्या कारागीर झालात. आबांकडून याच्या वरचा मान आम्हा मुलांनाही मिळालेला नाही.

त्यांच्या शंका काही संपत नव्हत्या. तुमची नळी बरोबर आहे कशावरून? ती ठरावीक मुदतीनं ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मापाशी जुळवून आणावी लागते, तिचं प्रमाणपत्र तुम्ही काढून दाखवलंत. त्यातून तुमचंच मोजणं चुकलं तर? तेव्हा तुम्ही लिथियम फ्लोराइडबद्दल सांगितलंत. या पदार्थानं किरण शोषले की त्यांची थोडी ऊर्जा आत साठून राहते, नंतर तापवला की तो प्रकाश सोडतो, आणि प्रकाश जेवढा तेवढा डोस. अशा पदार्थाच्या कुप्या पोस्टानं येतात, त्यांना तुम्ही ठरलेला डोस द्यायचा, परत पाठवायच्या, आणि खरंच किती बसला ते वाचणार दुसरे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून देशोदेशीच्या दवाखान्यांची पोस्टानं पारख करताहेत. लिथियम फ्लोराइडच्याच दोन बारीक चकत्या आबांच्या गालावर, टाक्यांच्या व्रणाशी, मास्कखाली ठेवल्या होत्या, ते का हे मला तेव्हा उमगलं. व्रणाच्या कातडीलाही डोस पुरा पोचतोय का, ते तुम्हाला बघायचं होतं.

निम्मे शेक झाल्यावर आबांचं तोंड सोलून निघालं. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेला माणूस पेजेच्या पाण्यावर आला. वजन उतरलं, गाल बसले, आणि मास्क ढिला पडला. टेक्निशियननं तुम्हाला सांगितलं, तुम्ही येऊन मास्कच्या कडेनं बोट आत घालून बघितलंत आणि म्हणालात, "नवीन करू." आम्हाला वाटलं, एवढ्याशा फटीनं काय होतंय. तुम्ही स्क्रीनवर दाखवलंत: मान बारीक झाली की लाळेच्या ग्रंथी आत सरकतात, मज्जारज्जूला ४५ ते ५० ग्रेच्या आत ठेवायचं ठरलेलं असतं तो हिशेबही हलतो. नवा मास्क, नवा सीटी स्कॅन, डॉक्टरांनी पुन्हा आखलेल्या सीमा, तुमचा नवा प्लॅन. मग सगळे घरी गेल्यावर तुम्ही तो प्लॅन रिकाम्या टेबलावर, माणसाऐवजी डिटेक्टर ठेवून चालवलात आणि कॉम्प्युटरनं सांगितलेला डोस मोजलेल्या डोसाशी बिंदूबिंदूला ताडून बघितलात. तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबले की उरल्यासुरल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात, म्हणून तुमची ती घाई. आबांचा एकही दिवस बुडाला नाही. त्या रात्री तुम्ही किती वाजता घरी पोचलात, हे विचारायचं आमच्याकडून राहूनच गेलं.

आणि एक. गल्लीतल्या बायकांनी आईला सांगितलं होतं, शेक घेतलेल्या माणसाजवळ लहान पोर देऊ नये. आबा नातीला लांबूनच हाक मारायचे. तुम्ही म्हणालात, मशीन बंद झालं की किरण संपले, अंगात काही उरत नाही, बाहेरून देतात त्या किरणांचं असंच असतं. त्याच संध्याकाळी नात मांडीवर होती. हे वाचणाऱ्या ज्या घरांत अशी ताटातूट चालू असेल, त्यांनी आपल्या डॉक्टरांना किंवा फिजिसिस्टना एवढं एक जरूर विचारावं. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानं किरणोपचार जिथं चालतात तिथं मेडिकल फिजिसिस्ट असावेच लागतात. तुमच्यासारखं बाकावर येऊन बसणारं कुणी नसलं, तर आपण त्यांच्या दारापर्यंत जावं.

आबा आता भाकरी कुस्करून खातात. जिभेला चव हळूहळू येतेय. त्यांचा एक प्रश्न अजून शिल्लक आहे: मॅडमची नळी ट्रॉम्बेला तपासत्यात, मग ट्रॉम्बेचं माप कोण तपासतं? पॅरिसजवळ सेव्हर इथं वजनमापांचं आंतरराष्ट्रीय कार्यालय आहे, देशोदेशीच्या प्रयोगशाळा आपली मापं तिथल्या मापाशी पडताळून बघतात, एवढं मी वाचून सांगितलं. त्यांचं समाधान झालेलं नाही. "ते मॅडमच्या तोंडून ऐकतो," म्हणाले. पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा मशीन रिकामं झाल्यावर त्यांना थोडा वेळ द्या. आम्ही थांबू.

आपली ऋणी,
आबांची थोरली लेक
कोल्हापूर