यंत्राने मसुद्यापाशी थांबावे

महोदय,

ब्लॉगसाठी लेख लिहिण्यापासून तो प्रसिद्ध करण्यापर्यंतचे सगळे काम गुगल शीट आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवण्याची पद्धत आता मराठीतही रुळू लागली आहे. शीटच्या एका रकान्यात विषय, दुसऱ्यात शीर्षक आणि तिसऱ्यात सूचना लिहून ठेवल्या की स्क्रिप्ट, म्हणजे शीटला जोडलेला छोटा प्रोग्राम, ठरलेल्या वेळी एकेक ओळ उचलून चॅटजीपीटीसारख्या प्रणालीकडे पाठवते, आलेला मजकूर शेजारच्या रकान्यात उतरतो आणि तिथून थेट वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीवर जातो. कृषी सेवा केंद्रांसाठी मजकूर तयार करणारा म्हणून मी स्वतः ही पद्धत वापरतो. हंगामाचे वेळापत्रक सांभाळण्याचे आणि जुन्या लेखांची नोंद ठेवण्याचे काम तिने खरोखरच हलके केले आहे.

माझा आक्षेप एकाच जागी आहे. वर्डप्रेसकडे गेलेला लेख मसुदा म्हणून थांबवायचा की लगेच प्रसिद्ध करायचा, हे स्क्रिप्टमधील एका ओळीवर ठरते. तिथे दुसरा पर्याय निवडला की लेख कोणाच्याही नजरेखालून न जाता शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचतो. कीटकनाशकाचे प्रमाण कुठे हेक्टरी दिलेले असते, कुठे एकरी, कुठे दहा लिटर पाण्याला, तर कुठे फवारणीच्या एका पंपाला. यंत्राने हेक्टरी मात्रा एकरी म्हणून लिहिली तर ती जवळजवळ अडीचपट होते, आणि वाक्य इतके सफाईदार असते की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. एका पिकासाठी लेबल क्लेम (त्या पिकावर वापरण्याची अधिकृत मान्यता) असलेले औषध दुसऱ्या पिकाला सुचवले जाणे किंवा फवारणी व काढणी यांमधला प्रतीक्षा काळ लेखातून गळणे, हेही तितकेच घातक आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे ज्या राज्याने पाहिले आहे तिथे अशा चुकीला किरकोळ म्हणता येणार नाही.

नुसते वरवर वाचून लेख पुढे सोडणेही पुरेसे नाही. अमेरिकेतील सीनेट (CNET) या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने २०२२ च्या अखेरीस यंत्राच्या साहाय्याने लिहिलेल्या ७७ लेखांपैकी ४१ लेखांत नंतर दुरुस्त्या कराव्या लागल्या. १०,००० डॉलरच्या ठेवीवर ३ टक्के दराने पहिल्या वर्षी १०,३०० डॉलरची कमाई होते, असे त्यांतील एका लेखात छापले गेले होते. वास्तविक व्याज ३०० डॉलर होते. हे लेख संपादकांनी तपासल्याचे संस्थेचे म्हणणे होते. म्हणूनच प्रत्येक आकडा मूळ शिफारशीशी ताडून पाहिला गेला पाहिजे.

गुगलने मार्च २०२४ मध्ये, केवळ शोधनिकालात वर येण्यासाठी घाऊक तयार केलेल्या पानांविरुद्ध नियम कडक केले. पण त्याने फार तर असे पान मागे पडेल, त्यातली चुकीची मात्रा दुरुस्त होणार नाही.

अशा प्रत्येक शीटमध्ये मूळ शिफारशीचा संदर्भ आणि ती पडताळणाऱ्या कृषी पदवीधराचे नाव, असे दोन रकाने असावेत आणि ते भरल्याशिवाय लेख मसुद्यापुढे जाऊ नये. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांनीही आपल्या शिफारशी पीक, कीड, मात्रा, एकक व तारीख अशा स्वतंत्र रकान्यांत, कोणालाही उतरवून घेता येतील अशा तक्त्यांच्या रूपात खुल्या कराव्यात, म्हणजे यंत्राला आकडे स्वतः रचण्याऐवजी तिथूनच घेण्यास सांगता येईल.

आपला,
एक वाचक, अकोला